इतर

२८ फेब्रुवारी, रात्री पावणेबारा

मोठं पातेलं सिंकमध्ये मावत नाही म्हणून बाल्कनीत ठेवलंय. तळाला चांगलंच करपलंय. उद्या बघू.

चहाचं मला वाईट वाटलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण सुधालाही हेच सांगितलं आणि ती ज्या सुरात "बरं" म्हणाली, तो सूर मी चांगला ओळखते.

मंगळवारी सोसायटीच्या ग्रुपवर यादी आली. २७ ला मराठी भाषा दिन, चित्रकलेच्या परीक्षक देशपांडे मॅडम. २८ ला विज्ञान दिन, परीक्षक देवधर काका आणि दुसऱ्या मजल्यावरची श्रुती. हिशेब शहांकडे, ते बीकॉम. सगळ्यात खाली चहापान, तिथे मी. कामं ज्याच्या त्याच्या शिक्षणानुसार वाटली आहेत, अशी सेक्रेटरींची टीपही होती. म्हणजे भांडायलाही जागा नाही.

जागा नाहीच. कारण फॉर्मवर चार चौकोन होते, विज्ञान, कला, वाणिज्य, इतर, आणि 'इतर'वर खूण मीच केली. तत्त्वज्ञानातलं एम.ए. म्हणजे कलाच की, पदवीच्या कागदावर तसंच लिहिलंय. पण बोट 'कला'पाशी गेलं आणि मागे आलं. मला रांगोळीचे ठिपके सरळ रेषेत पडत नाहीत, मी कसली कलावाली? विज्ञानावर बोट ठेवलं असतं तर देवधर काका फोन करून विचारते, कोणतं विज्ञान. (कॉलेजच्या फॉर्मवर सही करताना बाबांचं पेनसुद्धा तत्त्वज्ञान या शब्दापाशी जरा थांबलं होतं. असो.)

तरी टोचलं. दोन दिवस भांडी घासताना, भाजी निवडताना मनातल्या मनात सेक्रेटरींना ऐकवत होते. अहो, एके काळी सगळं घर आमचं होतं! न्यूटनने १६८७ साली ग्रंथ लिहिला तेव्हा नावातच 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' घातलं, त्याला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. 'सायंटिस्ट' हा शब्द तर जेमतेम दोनशे वर्षांचाही नाही. १८३३ साली केंब्रिजला विद्वानांची सभा भरली होती, तिथे प्रश्न निघाला की या मंडळींना म्हणायचं काय. 'फिलॉसॉफर' म्हणायला कवी कोलरिजने मनाई केली, तो शब्द तुम्हाला झेपणारा नाही म्हणून. मग ह्यूवेल नावाच्या विद्वानाने तोड सुचवली, आर्टिस्ट म्हणतो तसं सायंटिस्ट म्हणू या. म्हणजे विज्ञानवाल्यांचं नाव बेतलं ते कलावाल्यांच्या नावावरून. दोघांची सोय लागली, आणि फिलॉसॉफर इतक्या उंच फळीवर जाऊन बसला की पुढे कोणाचा हातच पोचेना. त्या सभेतही चहा कोणीतरी केलाच असेल म्हणा.

तत्त्वज्ञ रसेलने १९१२ मध्ये लिहिलंय की एखाद्या विषयात नक्की ज्ञान हाती लागू लागलं की त्याला कोणी तत्त्वज्ञान म्हणत नाही, तो वेगळं विज्ञान होतो. कॉलेजात हे वाचताना फार भारी वाटलं होतं. मंगळवारपासून वाटतंय, हे तर मुली उजवून टाकलेल्या घरासारखं झालं. एकेक सासरी जाऊन नाव काढते, आणि माहेरी उरतात ती न सुटणारी दुखणी.

काल चित्रकलेत मीराने येऊरचे डोंगर तपकिरी रंगवले. देशपांडे मॅडम म्हणाल्या, दूरच्या डोंगरांवर निळसर हात फिरवावा, लिओनार्दोनेही तसंच सांगून ठेवलंय. मीरा म्हणाली, "पण ते तपकिरीच आहेत. मी सहलीला गेले होते." बक्षीस गेलं. मॅडमचं चुकलं नव्हतं, गच्चीवरून डोंगर निळसरच दिसतात. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी इतक्या वेळा वापरली, पण साजरे ते कोणत्या रंगाने, हे कधी मनात आलं नव्हतं.

आज संध्याकाळी पार्किंगमध्ये मी शेगडीपाशी, आणि ही मीरा चमचा घेऊन हजर. "काकू, थोडं दूध द्या." ग्लासभर पाण्यात दुधाचे पाच-सहा थेंब, आणि एका बाजूने मोबाईलची बॅटरी. आडवं पाहिलं की पाणी निळसर, समोरून बॅटरीकडे पाहिलं की नारिंगी. हवेतही असंच होतं, म्हणून डोंगर निळे, म्हणाली. कालच्या बक्षिसाचा हिशेब चुकता करायला आली होती. तिकडे देवधर काका माईकवरून रामनची गोष्ट सांगत होते, आणि खरंच छान सांगत होते. १९२१ मध्ये बोटीवरून परत येताना भूमध्य समुद्राचा निळा पाहून रामन हटून बसले. समुद्र निळा कारण त्यात आकाशाचं प्रतिबिंब, असं शास्त्रज्ञ रॅली सांगून गेला होता. रामननी खिशातल्या निकोल प्रिझममधून आकाशाची चमक कापून पाहिलं, तरी निळा शिल्लकच. काका म्हणाले, "म्हणजे समुद्राचा निळा रंग समुद्राचाच!" टाळ्या.

समुद्राचाच?

हा माझा जुना रोग. घरी याला तत्त्वज्ञान पाजळणं म्हणतात. मी मीराला हळूच विचारलं, "हा निळा कुठे आहे गं? पाणी पांढुरकं, दूध पांढरं, उजेड पांढरा." तिने ग्लास फिरवला, वरून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. मग ईशानने फोटो काढला, तर फोटोत निळा नव्हताच, फोनने परस्पर पांढरा करून टाकला होता. आता फोन खरा की आपण? ईशान म्हणाला फोन, त्यात डोळ्यांचा घोळ नसतो. मीरा म्हणाली, फोनला कोणीतरी शिकवलंय पांढरं म्हणजे काय ते, तो आपणहून थोडाच बघतो! मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच. तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून भांडण चालू आहे, रंग वस्तूत की बघणाऱ्यात, आणि ही पोरं चार मिनिटांत तिथे येऊन उभी होती. गंमत म्हणजे कालचा निळा मॅडमचा होता, आजचा काकांचा, आणि मधला हा प्रश्न कोणाच्याच यादीत नव्हता.

चार नाही, जास्तच मिनिटं झाली असणार. कारण मागे फस्सकन् आवाज झाला आणि अडीच लिटर दूध उतू गेलं.

ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसची गोष्ट आहे ना, आकाशातले तारे बघत चालला आणि विहिरीत पडला, आणि एक दासी त्याला फिदीफिदी हसली. आज पुसताना मलाच हसू फुटलं. आमच्या सोसायटीत मनुष्यबळ कमी, विहिरीत पडणं आणि हसणं दोन्ही खाती एकाच बाईकडे. फडकंही तिचंच.

बक्षीस ईशानच्या ज्वालामुखीला मिळालं. देवधर काकांनी रात्री ग्रुपवर लिहिलं, चहा उत्तम, किंचित करपट. मी अंगठा पाठवला.

मीराचा ग्लास माझ्याकडेच राहिलाय, ओट्यावर. मघाशी लाईट घालवून बॅटरी लावली. आडवा धरला तर निळसर. मिटवली, तर नुसतं दुधट पाणी. उकाडा आहे, सकाळपर्यंत वास मारेल. पण ओतून टाकलेलं नाही.