झाडं वाचवा म्हणता, मग लाकडाचा धंदा कसा करता?

गोव्यातलं मोलेंचं जंगल वाचवण्यासाठी सभांना जाणारा माणूस डिचोलीत लाकडी दारं-खिडक्यांचा कारखाना कसा चालवतो? गिऱ्हाइकं विचारतात, सभेतले मित्र विचारतात, हल्ली शाळेतली मुलंसुद्धा विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन खोडात साठवतं. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कार्बनचंच असतं. जुन्या घरातली सागवानी तुळई घ्या: ४ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. वजन भरेल ७५-८० किलो. म्हणजे हवेतला सुमारे १४० किलो कार्बन डायऑक्साइड त्या एका तुळईत अडकून पडलाय. झाड तोडलं की तो लगेच सुटत नाही. तुळई कुजली, वाळवीने खाल्ली किंवा चुलीत गेली की सुटतो. तेव्हा लाकूड किती वर्षं वापरात राहतं, यावर सगळा हिशेब आहे.

त्या तुळईच्या जागी काँक्रीट आलं तर? सिमेंटसाठी चुनखडी भाजताना इंधन जळतंच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो इंधनाच्या धुरापेक्षा जास्त असतो. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के सिमेंटचा. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीची गोष्टही वेगळी नाही. आपल्या देशात तो धातू मुख्यतः कोळशाच्या विजेवर तयार होतो.

म्हणून जंगल तोडा, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. सह्याद्रीतलं माट्टी किंवा किंदळाचं झाड आडवं केलं की त्याच्या फळ्या होतात त्या थोड्याच. फांद्या, मुळं, साल, भुसा जळून किंवा कुजून जातो, आणि उघडी पडलेली मातीही आपला कार्बन सोडू लागते. फळीत उरतो त्याहून कितीतरी जास्त हवेत जातो. बदल्यात लावलेल्या रोपांना ती भरपाई करायला कित्येक दशकं लागतात, तीही रोपं जगली तर. २०२० साली मोलेंसाठी लोक रस्त्यावर उतरले त्यात मी होतो, आणि कारखान्याचा मालक म्हणून मला त्यात काहीही विसंगत वाटलं नाही.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच ठिकाणी. सत्तरी तालुक्यापासून पेडण्यापर्यंत जुनी कौलारू घरं पाडली जातायत. जेसीबी येतो, आणि वासे, रिपा, चौकटी चिऱ्यांबरोबर एका ढिगात पडतात. मग तोच ढीग जळणाच्या भावाने जातो. शंभर वर्षं धरून ठेवलेला कार्बन आठवड्याभरात धूर! आणि ते लाकूड कसलं असतं म्हणून सांगू! पुरतं मुरलेलं, न वाकणारं. खिळे काढून वरचा काळा थर रंध्याने उतरवला की आतून सोन्यासारखा सागवान निघतो. आमच्या मेस्तांचे, म्हणजे सुतारांचे हात अशा लाकडावर आपोआप हळू चालतात. म्हणून माझ्याकडे पहिला मान जुन्या लाकडाला. घर पाडायचंच असेल तर आधी छप्पर हाताने उतरवून घ्या. दोन दिवस जास्त लागतील आणि लाकडाला किंमतही चांगली येईल.

नवं लागतं तेव्हा लागवडीतला सागवान, कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) पडलेला फणस, नाहीतर खाणींच्या ढिगाऱ्यांवर लावलेला अकेशिया. अकेशियाला लोक नाक मुरडतात. नीट वाळवला तर टेबल-खुर्चीला उत्तम आहे. गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या भाटातलं, म्हणजे बागायतीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. टेम्पो दारात आला की मी आधी झाड तोडल्याची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना मागतो. कागद नसेल तर माल उतरवून घेत नाही, मग तो कितीही स्वस्त असो. तुम्हीही दार घ्यायला जाल तेव्हा सुताराला एवढं विचारा: लाकूड कुठलं, आणि तिथे पुन्हा काय लावलं?