आमची वाटचाल: शेतीपंपाकडून बोटीच्या पंख्याकडे

सोलापुरात बोटीच्या इंजिनाचं वर्कशॉप कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. उजनी धरणाचं बॅकवॉटर करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत शिरलेलं आहे. त्यावर मासेमारीच्या होड्या चालतात, या काठची माणसं त्या काठाला नेणाऱ्या बोटी चालतात आणि थंडीत फ्लेमिंगो दाखवायला फिरणाऱ्याही चालतात. आमचं मूळ काम शेतीपंपांचं: इम्पेलर, सील, बेअरिंग. तुटलेली पाती वेल्डिंगला येऊ लागली, मग गिअरबॉक्सचे सील, आणि त्यातून आउटबोर्डची (बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची) उंची बसवणं आणि पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे जायला हवा ते अंतर) ठरवणं हेच आमचं मुख्य काम झालं.

तक्रार जवळजवळ एकच असते: ‘मशीन जोर धरत नाही, मोठा पंखा द्या.’ आम्ही पंखा लगेच देत नाही. आधी उंची, मग पिच. इंजिन जरुरीपेक्षा खाली बसलं असेल तर त्याचा पाय (पंख्यापर्यंत खाली जाणारा भाग) पाण्यात ओढला जातो आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) खाली राहतात. अशा वेळी कमी पिचचा पंखा टाकला आणि नंतर कोणी इंजिन वर उचललं, की तेच इंजिन मर्यादेबाहेर फिरतं.

आमच्याकडे येणारी बरीच इंजिनं किनाऱ्यावरून जुनी घेतलेली असतात, आणि पहिला घोटाळा शाफ्टमध्ये, म्हणजे पायाच्या लांबीत, सापडतो. शॉर्ट शाफ्टला बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, साधारण 15 इंच उंच लागते, लाँग शाफ्टला 20. लाँग शाफ्ट 15 इंचाच्या फळीवर टांगलं तर पाय 5 इंच जास्त बुडतो. उलट केलं तर पंखा बुडाच्या वर येऊन हवा पकडतो, आणि त्याला कुठलाही पिच उपाय नाही. फळी खाचून इंजिन खाली घ्यायला आम्ही तयार होत नाही, कारण मागून लाट आली की पाणी थेट बोटीत येतं. त्यापेक्षा इंजिन बदलून घ्या, असं तोंडावर सांगतो.

माप घेताना बोट सपाट जागी ठेवायची. बुडाला किलच्या (बुडाच्या मधल्या कण्याच्या) शेजारून सरळ पट्टी लावायची आणि ती मागे इंजिनापर्यंत येऊ द्यायची. पंख्याच्या वर जो आडवा पत्रा असतो, ज्याला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, तो पट्टीला समांतर येईल अशी टिल्ट पिन (इंजिनाचा कल ठरवणारी) लावायची आणि मग अंतर मोजायचं. माल वाहणाऱ्या जड होडीला प्लेट बुडाच्या रेषेत किंवा 25 मिमीपर्यंत खाली चालते. पाण्यावर उठून पळणाऱ्या हलक्या फायबर बोटीला रेषेपासून सुरुवात करून थोडं थोडं वर घ्यायचं. मोठ्या इंजिनाच्या ब्रॅकेटला बोल्टची भोकं साधारण 19 मिमी अंतराने असतात, म्हणजे एका वेळी एकच भोक. क्लॅम्पवाल्या छोट्या इंजिनाखाली सागवानी ठोकळा घालतो, पण नुसत्या क्लॅम्पवर कधीच सोडत नाही. आरपार स्टीलचे बोल्ट, भोकात सीलंट आणि वर साखळी. सीलंट विसरलं तर पाणी प्लायवुडच्या पोटात जातं आणि फळी आतून कुजते. वरून ती ठणठणीत दिसते, हीच खरी पंचाईत.

उंची बरोबर आली का, हे पाण्यातच कळतं. पूर्ण वेगात प्लेट पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम लागून जायला हवी. तिच्यावर बोटभर-दोन बोटं पाणी चढून मागे फवारा उडत असेल तर इंजिन खाली आहे. वळणावर आवाज अचानक चढला आणि वेग पडला, तर पंखा हवा घेतोय. एक भोक खाली या. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक झाली किंवा थांबून थांबून येऊ लागली, तर पाणी ओढायची जाळी वर आली आहे. मग वेग कितीही चांगला दिसो, लगेच खाली घ्यायचं. जलपर्णी अडकल्यानेही धार तुटते, म्हणून आधी जाळी पाहावी. लाकडी होडीत हवा घेण्याचं कारण पुष्कळदा किल असते. ती फळीपर्यंत जाडच्या जाड आली की पंख्याला फेसाळ पाणी मिळतं. शेवटचा हातभर भाग निमुळता तासला तर फरक पडतो.

आता पिच. पंख्याच्या हबवर (मधल्या गोल भागावर) किंवा पात्यावर दोन आकडे असतात: पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच 10 म्हणजे पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा 10 इंच पुढे गेला असता. पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण 150 ते 200 वाढतात. समजा इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 6000 दिलेत आणि नेहमीच्या वजनात 13 पिचवर टॅकोमीटर 4800 च्या वर जात नाही. उंची लावून झाली असेल तर 10 पिचला 5300-5400 मिळायला हवेत. ‘नेहमीचं वजन’ महत्त्वाचं: रोजची माणसं, जाळी, डिझेलचा कॅन नाही तर पेट्रोलची भरलेली टाकी, सगळं चढवून. एकट्या नावाड्यावर केलेली चाचणी आम्ही धरत नाही. आणि बोट पळायला लागली म्हणून जास्त माणसं बसवायची नाहीत, हेही सांगावं लागतं.

किनाऱ्यावरून आलेला पंखा इथे बहुधा एखाद इंच जड पडतो. उजनी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 500 मीटर उंच आहे. हवा विरळ असल्याने साध्या इंजिनाची ताकद पाचेक टक्के घटते, त्यात एप्रिल-मेचं ऊन. मोठ्या पिचवर दाबून चालवलं तर वेग येत नाही, पेट्रोल मात्र जातं, प्लग काळे होतात आणि पिस्टनवर भार येतो. गिऱ्हाइकाला हे ‘मशीन जुनं झालं’ असं वाटतं.

वेग मोबाईलच्या जीपीएसवर, सकाळी वारा पडलेला असताना, जाताना आणि येताना घेऊन सरासरी काढतो. मग आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा), गुणिले 0.0015: हा कागदावरचा ताशी किलोमीटर वेग. 5400 आरपीएम, 10 पिच, 2.08 रेशो धरला तर 39 च्या आसपास. हलकी बोट यापेक्षा 10 ते 20 टक्के कमी पळते, भरलेली आणखी कमी. पाण्यावर न उठणाऱ्या जड होडीला हा हिशेब लावू नये. पण पळणाऱ्या बोटीत तूट 40 टक्क्यांवर गेली, तर पंखा हवा घेतोय किंवा हबचं रबर घसरतंय. रबराची तपासणी सोपी: आतल्या बुशवरून बाहेरच्या हबवर रंगाची एक सरळ रेघ ओढायची, जोरात फेरी मारायची. रेघ तुटून सरकली, तर रबर गेलं.

पंखा बसवताना थ्रस्ट वॉशर आधी, स्प्लाइनवर ग्रीस, मग नट आणि नवी कॉटर पिन. ग्रीस नसेल तर पुढच्या वेळी पंखा हातोड्याशिवाय निघत नाही. वॉशर राहिला तर हब गिअरबॉक्सच्या तोंडावर घासतो. पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर तंगूस गुंडाळलाय का पाहावं. जाळ्याचा तो धागा सील कापतो, आत पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं.

117 टीएमसीच्या उजनीत सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, त्यामुळे उन्हाळ्यात धरण वजामध्ये जाणं नवीन नाही. पाणी उतरलं की बाभळीचे बुंधे आणि बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात. त्या दिवसांत आम्ही अल्युमिनियमचाच पंखा सुचवतो. स्टीलचं पातं वाकत नाही, पण धक्का पुढे गिअरला जातो. बोटीत त्याच पिचचा दुसरा पंखा, नट, वॉशर, कॉटर पिना, पक्कड आणि लाकडाचा एक तुकडा ठेवावा. नट सोडवताना पातं आणि प्लेट यांच्यामध्ये तो लाकडाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे पंखा फिरत नाही. त्याआधी किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढायची आणि प्लगच्या वायरी सोडायच्या.