घरगुती स्टॅटकॉम, भाग ४: एक लूप काढूनच टाकला

मंडळी, स्टॅटकॉम म्हणजे ग्रिडला (मेन सप्लायला) रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी पॉवर, देणारा-घेणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर. मागच्या वेळी सांगितलं होतं ना की त्यातला डीसी व्होल्टेजचा पीआय (चूक बघून आपोआप दुरुस्ती करणारा कंट्रोल लूप) आणि रिॲक्टिव्ह करंटचा पीआय एकमेकांशी भांडतायत, तर दोन रविवार सिडकोतल्या आमच्या गॅलरीत ट्यूनिंग करत बसलो, जमेना, मग डीसीचा लूपच काढला.

आता ब्रिजचं (डीसीचा एसी करणाऱ्या मॉसफेट स्विचेसचं) मॉड्युलेशन, म्हणजे एसी पीकचं डीसीशी प्रमाण, ०.८ ला फिक्स आणि हलवायचा फक्त अँगल, म्हणजे ब्रिजच्या आणि ग्रिडच्या व्होल्टेजमधला फेजचा फरक. ब्रिजचं व्होल्टेज ग्रिडच्या किंचित मागे ठेवलं की थोडी खरी पॉवर आत येते, डीसीचा कपॅसिटर चढतो (चार्ज होतो), त्यासोबत ब्रिजचं एसी व्होल्टेज पण चढतं आणि ६.८ मिलीहेन्रीच्या चोकमधून (कॉइलमधून) ब्रिज व्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) द्यायला लागतो. २४ व्होल्टच्या बाजूला (सगळं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहे, थेट २३० वर कोणी करू नका प्लीज) डीसी ४२ असताना करंट जवळपास शून्य, ५० ला २ अँपिअर, म्हणजे ४८ व्हार. हिशोबाशी जुळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला!

डोकं खाल्लं ते कपॅसिटरने. आधी ४७०० मायक्रोफॅरड होता, रिपल (डीसीवरचा चढउतार) जेमतेम ०.६५ व्होल्ट, पण या पद्धतीत व्हार बदलायचे म्हणजे अख्खा कपॅसिटर चढवायचा-उतरवायचा, त्यामुळे सगळं संथ. म्हणून १००० लावला, चपळ झाला, पण सिंगल फेजमध्ये डीसीवर १०० हर्ट्झचा रिपल असतोच, तो ३ व्होल्टवर गेला आणि ५० हर्ट्झशी गुणला जाऊन करंटमध्ये थर्ड हार्मोनिक (तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्झचा भाग) दिसायला लागला, स्कोपवर वेव्हचा आकारच बिघडला. शेवटी एमजी रोडवरून २२०० आणला. रिपल १.४, मला चालतंय.

लोड ३६ वॅट, पीएफ (पॉवर फॅक्टर) ०.६. आधी २.५ अँपिअर ओढत होता, आता सप्लायकडून १.६ च्या आसपास.

अंबडला मित्राच्या शॉपमधल्या एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलमध्ये कपॅसिटर जोडणारे काँटॅक्टर (मोठे स्विच) खटाखट पडतात आणि व्हार टप्प्याटप्प्याने बदलतात, इथे सलग बदलतात आणि पाहिजे तर उलटेही, फक्त डीसी ३५ च्या खाली न्यायचा नाही, ग्रिडचा पीक ३४ आहे, त्याखाली मॉसफेटचे डायोडच चालू होतात.

पुढच्या रविवारी रिपल मोजून अँगलमध्येच करेक्शन देऊन बघतो, १००० वर परत जाता आलं तर मजा येईल. कोणी केलंय का असं?