किती रिळांचा?

माझं काम माणसं मोजायचं होतं.

लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या आवारात त्या काळी चित्रपट वितरकांची कार्यालयं होती. कोंदट जिने, भिंतीला लावून ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्या, आणि सकाळपासून सौद्यांची घासाघीस. त्यातल्या एका ऑफिसात मी 1979 साली रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून लागलो. आमचा पिक्चर जिथे लागला असेल त्या थिएटरला जायचं, तिकिटांच्या बंडलाचा पहिला नंबर आणि शेवटचा नंबर टिपून वजाबाकी करायची, मग खेळ सुरू झाला की बॅटरी घेऊन अंधारात डोकी मोजायची. दोन्ही आकडे जुळले की डी.सी.आर.वर, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या तक्त्यावर, सही करायची. जुळले नाहीत तर भांडायचं. पर्सेंटेजवर लावलेल्या पिक्चरला हे करावंच लागे, कारण प्रत्येक डोक्यात आमच्या शेठचा वाटा असे आणि करमणूक कराच्या रूपाने सरकारचाही.

माझ्या वाट्याला लालबाग-परळ आलं होतं. भारतमाता, जयहिंद, गणेश, लोअर परळचं दीपक. पायी फिरता येतील अशी थिएटरं, पण प्रत्येकाची चाल वेगळी. मुंबईत कुठलं थिएटर काय लावतं यावरून तिथली वस्ती ओळखता यायची. माटुंग्याच्या अरोरात तमिळ चित्रपट, भारतमातेत मराठी. मोठ्या थिएटरांचं गणितच निराळं. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात ‘शोले’ 1975 साली लागला तो पाच वर्षं हलला नाही. आमच्या छोट्या थिएटरांत दर शुक्रवारी बोर्ड बदलायचा, आणि पुढच्या शुक्रवारी काय लावायचं हे ठरवणारा माणूस गल्लीतल्या प्रत्येक घराचा पगार, पाळी आणि गावची जत्रा ओळखून असायचा.

अशाच एका थिएटरचे मॅनेजर होते अण्णा. थिएटरचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल. अण्णा मूळचे मालवणकडचे. त्यांना कुठलाही पिक्चर सांगितला की हिरो कोण, गाणी कशी, हे त्यांनी कधी आधी विचारलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला.

“किती रिळांचा?”

सुरुवातीला मला याचा अर्थ लागला नव्हता. पुढे त्यांनीच एकदा बुकिंगच्या खिडकीमागे बसून समजावलं. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमाराची, तिसरी मध्यरात्रीची. एकेका गाळ्यात पंधरा-वीस माणसं आळीपाळीने झोपायची. रातपाळीचा माणूस सकाळी परत आला की त्याला पथारी मोकळी करून द्यायची. दुसऱ्या पाळीचा माणूस अकराला खानावळीत जेवला की तीन वाजेपर्यंत त्याला टेकायला जागा नाही. त्याच्यासाठी बाराचा मॅटिनी. पंखा, अंधार, पाठ टेकायला खुर्ची, आणि समोर काहीतरी चालू. पण पावणेतीनच्या आत तो बाहेर पडलाच पाहिजे. गेट चुकलं तर खाडा.

पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. तेरा रिळांचा, बारा हजार फुटांच्या आसपासचा पिक्चर सव्वादोन तासांच्या आत उरकतो. त्यावर फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील, जी दाखवणं सक्तीचं होतं, दोन जाहिराती आणि दहा मिनिटांचं मध्यंतर. म्हणजे पावणेतीनला दारं उघडली. सतरा रिळांचा लावला तर साडेतीनच्या सुमाराला संपणार. असा पिक्चर कितीही गाजलेला असो, अण्णा तो मॅटिनीला घेत नसत. सहाच्या खेळाला घेत, पहिल्या पाळीचा माणूस बायकोमुलांना घेऊन यायचा तेव्हा. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट असायचा, म्हणून त्या दोन खेळांना त्यांनी हाणामारीचे पिक्चर ठेवले होते. ते घरी टीव्हीसमोर बसून बघायला मिळत नाहीत आणि एकट्या पोरांना आवडतात, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही.

18 जानेवारी 1982, सोमवार. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं एका दिवसात रिकामी. पहिले काही आठवडे थिएटरं उलट भरली. दहा-पंधरा दिवसांत मिटेल असंच सगळ्यांना वाटत होतं. मग शिमगा आला, उन्हाळा आला, गावाकडच्या गाड्या भरून जायला लागल्या. मे महिन्यात माझ्या तक्त्यावर सहाच्या खेळाला चाळीस-पन्नास तिकिटं दिसू लागली. बाल्कनी जवळजवळ बंदच पडली.

पण अण्णांचा मॅटिनी काही पडत नव्हता. शेठना ते खटकलं. “गिरणगावात सगळीकडे शुकशुकाट आणि याच्याकडेच गर्दी कशी? बघून ये नीट.”

जुलैतला गुरुवार होता तो, आठवड्याच्या हिशेबाचा दिवस. सकाळपासून पावसाची झोड. मी बाराला पोचलो तेव्हा डोअरकीपर दारातल्या गोणपाटावर लोकांचे पाय पुसून घेत होता. न्यूजरील संपल्यावर मी आत शिरलो आणि डाव्या बाजूने मोजायला सुरुवात केली. ओल्या कपड्यांचा आणि विडीचा वास. खुर्च्या लाकडी, मागे पांढऱ्या रंगात हाताने काढलेले आकडे. बरीच माणसं झोपलेली होती. एकाने चपला मांडीवर घेतल्या होत्या, वर दोन्ही हात, आणि मान मागे टाकलेली. तोंडावर बॅटरी पडली तरी हलला नाही. पडद्यावर तमाशाचा फड रंगात आला होता आणि हा माणूस गाढ झोपेत. मी पुढे झालो.

एकशे त्रेसष्ट डोकी.

ऑफिसात येऊन बंडलं बघितली. शेवटच्या नंबरातून पहिला वजा केला. एकशे त्रेसष्ट. फाडलेले अर्धे तुकडे डोअरकीपरच्या डब्यात होते तेही चाळले. तिकिटांत काही खोट नव्हती. सही करायला पेन काढलं, आणि सवयीने गल्ल्याच्या पेटीकडे नजर गेली. पैसे मोजणं माझ्या कामात बसत नव्हतं, आमचा वाटा तिकिटांवर ठरायचा. पण पेटीतली चिल्लर पाहून कळत होतं की हे एकशे त्रेसष्ट तिकिटांचे पैसे नाहीत. निम्म्याहून कमी.

“अण्णा, पेटीत पैसे कमी आहेत.”

“कमी नाहीत. वहीत आहेत.”

त्यांनी टेबलाच्या खणातून एक शाळेची वही काढून माझ्यासमोर ठेवली. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली, दोनशे पानी. पहिल्या पानावर वरती शाईने लिहिलं होतं, ‘संप मिटल्यावर घेणे’. खाली तारखा. तारखेखाली नावं जवळजवळ नव्हतीच. बुकिंग क्लार्कला जे ओळखीचं तेच त्याने लिहिलं होतं. ‘साचेखाते, कुडाळ, 1’, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यातला. ‘मागच्या रांगेतला, पाटण, 2’. ‘खानावळवाल्या मावशीचा भाचा, 1’. पान भरून अशा ओळी, प्रत्येकीपुढे तिकिटाचा नंबर. काही ओळींवर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी जमा. एका ठिकाणी जमेच्या रकान्यात ‘अर्धी पायली तांदूळ’ असं लिहिलेलं होतं. गावी जाऊन लावणी करून आलेल्या कुणीतरी आणून दिला होता.

मी पानं उलटत राहिलो. फेब्रुवारीत दिवसाला दोन-तीन ओळी. एप्रिलपासून पान पुरत नव्हतं.

“हे पैसे कोण भरतं?” मी विचारलं.

“तिकीट फाडलं म्हणजे पिक्चरचे पैसे द्यायलाच हवेत. सरकारचा कर द्यायलाच हवा. मालकांना मी सांगितलंय, माझ्या पगारातून धरा. ते अर्धे धरतात, अर्धे सोडतात.” मग थोडं थांबून म्हणाले, “फुकट सोडायला आलं असतं रे. डोअरकीपर म्हणालाही होता. पण फुकट म्हटलं की ही माणसं यायची नाहीत. उधारी चालते त्यांना. वीस-वीस वर्षं खानावळीत महिन्याची उधारी खाऊन पगाराला फेडणारी माणसं आहेत.”

शेठनी मला चोरी पकडायला पाठवलं होतं. इथे चोरी नव्हती. होतं ते एवढंच की आमच्या वाट्याचे पैसे एका माणसाच्या पगारातून येत होते, आणि त्याच्या हिशेबाच्या तक्त्यावर मी गेले कित्येक आठवडे सही करत आलो होतो. मला तिथे बसवेना. मी सही केली आणि म्हटलं, “अण्णा, मॅटिनीला पर्सेंटेज कशाला? जुनी प्रिंट फिक्स हायरवर घ्या. आठवड्याची एक रक्कम ठरवायची, मग माणसं किती आली याच्याशी आमचा संबंध नाही. कर तेवढा तुम्हाला भरावा लागेल.”

“शेठ देतील?”

“मी विचारतो.” मग उत्साहाने मी एका मोठ्या पिक्चरचं नाव घेतलं. प्रिंट आमच्याच गोदामात पडून होती, दोन वर्षांपूर्वी धो धो चाललेली.

“किती रिळांचा?”

“सतरा.”

त्यांनी मान हलवली. “नको.”

मला खरंच कळेना. गिरण्या बंद, भोंगे बंद, सहा महिने झालेले. तीन वाजता कुणाला कुठे जायचंय? मी तसं बोललोही.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. समोर गिरणीची भिंत, तिच्यावर युनियनची पोस्टरं पावसाने सुटून लोंबत होती.

“उद्या भोंगा वाजला तर?” ते म्हणाले.

मी त्याच पावसात नाझला परत गेलो. शेठना वही आहे म्हणून सांगितलं नाही. बाहेर फुटली असती तर अण्णांच्या मालकांना त्रास झाला असता, आणि करमणूक कर निरीक्षकाने नसत्या चौकशा लावल्या असत्या. इतकंच सांगितलं, की तिकिटं बरोबर आहेत, पण हे फार दिवस टिकायचं नाही. पर्सेंटेजमध्ये आठवड्याला जे हाती येतंय ते अजून खाली जाईल, त्यापेक्षा जुन्या प्रिंट फिक्सवर द्या, गोदामात पडून त्यांचा काय उपयोग आहे. शेठ व्यवहारी होते. त्यांनी बराच वेळ आकडे मांडले, दोनदा नाही म्हटलं, आणि मग तीन प्रिंटांची नावं कागदावर लिहून दिली. त्यातली मी अठरा रिळांची परत केली. त्यांनी कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग गोदामवाल्याला हाक मारून म्हणाले, “याला तेरा-चौदा रिळांच्या जेवढ्या आहेत तेवढ्या दाखव.”

त्या दुपारी मी गोदामात बसून पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. आमचा धंदा नट, संगीत, वर्ष यांवर चालायचा. रिळांच्या आकड्यावरून पिक्चर निवडायची माझी ती पहिलीच वेळ. नऊ निघाल्या. सहा मराठी, तीन हिंदी. नऊ आठवड्यांचा मॅटिनी.

हा संप मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीर झालं नाही. त्यामुळे ‘संप मिटल्यावर घेणे’ ही ओळ तशीच राहिली. पुढे माझा विभाग बदलला, थिएटर बंद झालं, अण्णा मालवणला गेले. वहीचं काय झालं ते मी त्यांना विचारलं नाही.

पण त्या पुढच्या शुक्रवारी मी गेलो होतो. फिक्स हायर असल्याने मोजायला जायचं काही कारण नव्हतं. तिकीट काढून मागच्या रांगेत बसलो. कृष्णधवल पिक्चर, प्रिंटवर ओरखड्यांचा पाऊस, चौथ्या रिळात आवाज जरा खरखरत होता. मध्यंतरात अण्णा स्वतः प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन आले. पिक्चर संपला, दिवे लागले. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी हलवून उठवलं. आम्ही सगळे बाहेर पडलो तेव्हा पाऊस उघडला होता. पानाच्या गादीवर घड्याळ होतं, दोन वाजून अडतीस मिनिटं. काही जण तिथेच विड्या पेटवत उभे राहिले. बाकीचे रस्ता ओलांडून गिरणीच्या बंद गेटाकडे चालत गेले आणि तिथल्या कट्ट्यावर रांगेने बसले.