चिंगीच्या दोन चिप आणि स्कॅनरची कोरी पट्टी

चिंगी इंडी जातीची कुत्री, वय सहा, पुण्याहून घरच्यांबरोबर कायमची फ्रँकफर्टला निघालेली. विमान आठवड्यावर आलेलं. ओळखीसाठी कातडीखाली टोचतात त्या चिपची, म्हणजे तिच्या नंबरची, फायलीत दोन स्टिकरं होती. एक काही वर्षांपूर्वीचं, दुसरं अगदी ताजं. प्रमाणपत्राच्या तयारीसाठी दुसऱ्या एका दवाखान्यात स्कॅनर फिरवला, तर जुनी चिप वाचेना. ‘मेली’ म्हणून तिथल्या तिथे नवी टोचली, आणि खात्रीसाठी परत स्कॅनर फिरवला, तर नवीही वाचेना. मग ते आमच्या दवाखान्यात आले.

जुन्या चिपवर एवढं अडायचं कारण कागदाच्या क्रमात आहे. युरोपीय संघात जायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त, त्यात टायटर, म्हणजे रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण, 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलीटर किंवा जास्त, आणि रक्त काढल्या दिवसापासून 3 महिने थांबणं. टायटरच्या चाचणीतून सूट असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. चिपच्या आधी दिलेली लस तिकडे धरत नाहीत. म्हणजे कागदावर फक्त नवा नंबर राहिला, की चिंगीची लस ‘चिपआधीची’ ठरते आणि चार महिन्यांचं गाडं पुन्हा पहिल्यापासून. न वाचणारी चिप दिसली की लगेच दुसरी टोचू नये, असं मी म्हणते ते यासाठी.

एकाच कुत्र्यातली जुनी चिपही मेली आणि कोरी करकरीत नवीही मेली, हे मला पटेना. या चिपला बॅटरी नसते. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, साधारण 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड काचेची कुपी. आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेलं तांब्याचं वेटोळं, एक कपॅसिटर आणि नंबर साठवणारा इवलासा आयसी. स्कॅनर 134.2 किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्यावरच चिप जागी होते आणि आपला 15 आकडी नंबर सांगते. झिजण्यासारखं आत काही नाही. फुटते कधीतरी, आतला जोड कधीतरी सुटतो, पण बहुतेक वेळा चूक बाहेरच सापडते.

म्हणून पहिली तपासणी कुत्र्याची नाही, स्कॅनरची. सेल बदलले. सेल उतरले तरी पडद्यावर अक्षरं ठसठशीत दिसतात, पण क्षेत्र मात्र दुबळं पडतं, आणि माणूस फसतो तो इथेच. मग सीलबंद सिरिंजमधली एक न वापरलेली चिप समोर धरली, नंबर लगेच आला. चिंगीला स्टीलच्या टेबलावरून खाली रबरी मॅटवर घेतलं, पट्टा आणि साखळी काढली, कारण जवळचा धातू क्षेत्र खातो. स्कॅनर 125 किलोहर्ट्झही वाचणारा घेतला, कारण काही जुन्या चिप त्या जातीच्या असतात. केसांना टेकवून, सावकाश, आधी उभा मग आडवा: दोन्ही खांद्यांच्या मध्ये, मानेच्या दोन्ही बाजू, खांद्यावरून कोपरापर्यंत, छातीखाली. डाव्या मानेच्या बुडाशी स्कॅनर क्षणभर अडखळल्यासारखा झाला, पण नंबराची पट्टी कोरीच. बाकी सगळीकडे शांत.

मग एक्स-रे, एक कुशीवरून आणि एक पाठीवर झोपवून. दोन्ही कुप्या अखंड, वेटोळी जागेवर, काचेला तडा नाही. पण दोघी डाव्या खांद्याच्या पुढे, एकमेकींना समांतर, मध्ये बोटभरही अंतर नाही. मूळची चिप दोन खांद्यांच्या मध्ये टोचलेली होती, ती वर्षांमध्ये घसरून डावीकडे उतरली. त्यामुळे त्या दवाखान्याने मधोमध फिरवलेल्या स्कॅनरला ती लागली नसावी. कुत्रा जर्मनीला चाललाय म्हटल्यावर नवी चिप तिकडच्या रीतीने मानेच्या डाव्या बाजूला टोचली गेली, म्हणजे नेमकी जुनीच्या शेजारी.

दोघीही जिवंत होत्या, फक्त एकदम बोलत होत्या. या चिपमध्ये ‘आधी तू, मग मी’ अशी काही सोय नसते. क्षेत्रात आल्या की दोघी नंबर सांगत सुटतात, तो एकमेकांत मिसळतो, पडताळणीचे आकडे जुळत नाहीत आणि स्कॅनर काहीच दाखवत नाही. शिवाय वेटोळी इतकी जवळ असली की एकमेकींची फ्रिक्वेन्सीही हलवतात.

उपाय शस्त्रक्रियेचा नव्हता. चिपचं टोक स्कॅनरच्या पृष्ठभागाकडे रोखलेलं असेल तर ती चांगली वाचते. आडवी पडलेली, आणि तीही बरोबर मध्यावर आली, तर जवळपास गप्प राहते. याचाच फायदा घेतला. चिंगीला बसवलं, तिथली सैल कातडी चिमटीत धरून हलकेच वळवली, म्हणजे एक कुपी उभी होईल आणि दुसरी आडवी राहील. स्कॅनर अंगापासून थोडा लांबून सावकाश जवळ आणला. जुना नंबर आला, स्टिकरशी आकडा न् आकडा ताडून घेतला. घडी उलट बाजूला वळवल्यावर नवा आला. ताजी चिप बोटांनी दाबून सरकवायची नाही, हे मात्र कटाक्षाने पाळलं. तिच्याभोवती पेशींचं आवरण अजून धरलेलं नसतं, ती उगाच फिरत राहते.

प्रमाणपत्रावर लस आणि टायटरसमोर जुनाच नंबर घातला, तारखा त्यालाच जुळत होत्या. दुसरी चिप कधी आणि का टोचली याचं वेगळं पत्र, दोन्ही स्टिकरं आणि एक्स-रेची प्रत सोबत जोडली. मुंबईच्या प्राणी संगरोध कार्यालयात जाण्याआधीच दोन चिपची कल्पना तिथे लेखी देऊन ठेवायला सांगितलं, कारण खिडकीवर उभं राहून हे समजावणं अवघड. पत्रात एक ओळ फक्त स्कॅनर धरणाऱ्यासाठी टाकली: कुत्री बसलेली, डावी बाजू, कातडी पुढे ओढून, स्कॅनर लांबून जवळ.

नवी चिप काढून टाका, असा घरच्यांचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. भूल द्यायची, छेद घ्यायचा, आणि हाताला जुनीच लागली तर सगळाच घोळ. यात खरोखर मेलेली चिप असती तर गोष्ट वेगळी होती: प्रत्येक बाजूने, वेगळी करूनही गप्प, किंवा एक्स-रेत काच फुटलेली. तेव्हा नवी चिप, त्याच दिवशी नवी लस, आणि विमानाचं तिकीट पुढे ढकलणं, एवढंच हातात राहतं.