ब्रोकोलीला गड्डाच नाही

सलग दुसऱ्या वर्षी माझ्या ब्रोकोलीला गड्डा धरला नाही. पानं एकदम झकास, खोड अंगठ्याहून जाड, आणि मधोमध जिथे गड्डा यायचा तिथे नुसता तपकिरी खरबरीत डाग, बाटलीच्या बुचासारखा, आणि बाजूने सहा-सात बारके फुटवे. पहिल्या वर्षी मी रोपं विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग सशांवर संशय घेतला, मग कुठेतरी वाचलं की बोरॉन कमी पडलं की असं होतं, म्हणून तेही टाकून झालं. यंदा तर एक मिलिमीटरपेक्षाही बारीक भोकांची जाळी आणली, चांगली महागातली, आणि गेल्या वर्षीच्याच वाफ्यावर रोपं लावून कडेकोट झाकून टाकली. तरी तेच! उलट जास्तच.

आम्ही कॅनडात ऑन्टारिओत राहतो, इथे कम्युनिटी गार्डनमध्ये छोटासा तुकडा मिळालाय. रविवारी व्हिडिओ कॉलवर भंडाऱ्याला बाबांना रडगाणं ऐकवत होते तर म्हणाले, "शेंडा उकलून दाव बरं." दाखवला. "हे तं गादमाशीवानी दिसते पोरी. धानाले चंदेरी पोंगा येते ना, तसंच." गादमाशी म्हणजे धानाची कीड, तिच्यामुळे कोंबाची चंदेरी पोकळ नळी होते, तोच पोंगा. मला हसूच आलं, कुठे भंडाऱ्याचं धान आणि कुठे ही ब्रोकोली.

पण बाबा बरोबर निघाले. माशी ती नाही, पण घराणं तेच. हिचं नाव स्वीड मिज, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, चिलटासारखी, मूळची युरोपकडची, ऑन्टारिओत २००० साली पक्की ओळख पटली. स्वतः जगते फार तर चार-पाच दिवस, तेवढ्यात कोबी, ब्रोकोली, केल, मोहरी असल्या कुणाच्याही कोवळ्या शेंड्यात अंडी घालून मोकळी. अळ्या चावत-कुरतडत नाहीत, त्यांच्या लाळेने शेंडा सुजतो, पानं मुरडतात, आणि वाढीचा कोंबच मेला की गड्डा येणार कुठून?

मग मी भिंग घेऊन बसले. बुचासारखे डाग पडलेल्या झाडांत काहीच नाही. शेवटी एका उशिरा लावलेल्या केलचा शेंडा उकलला तर आत दहा-बारा पिवळ्या लिंबोणी अळ्या, तांदळाच्या कणीएवढ्याही नसतील. बशीत घेतल्या तर त्यातल्या दोन टुणकन उडाल्या, मी खुर्चीसकट मागे!

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही, की आपल्याला नुकसान दिसतं तोवर अळ्या खाली मातीत उतरून कोष करून बसलेल्या असतात, बहुतेक वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच. तिथेच हिवाळा काढतात, काही तर एक सीझन सोडून त्यापुढच्या वर्षी बाहेर येतात. म्हणजे माझ्या त्या महागाच्या जाळीने काय केलं, तर गेल्या वर्षीच्या मातीतून निघालेल्या माश्यांना रोपांसकट आत कोंडलं. पाऊस नाही, वारा नाही, वर ताजी ब्रोकोली, मी त्यांना रिसॉर्टच काढून दिलं की. जाळी चांगलीच असते, पण ज्या जागी कोबीवर्गातलं काही नव्हतं अशाच जागी. फवारणीचंही तेच, शेंड्याच्या घडीत औषध पोचत नाही.

पुस्तकी उपाय म्हणजे किमान तीन वर्षं जागा बदलायची, तीही लांब. माशी उडण्यात कच्ची आहे म्हणून हे चालतं. पण माझा तुकडा केवढा, आणि शेजारच्या आजोबांच्या वाफ्यात बाराही महिने, म्हणजे बर्फ नसेल तेव्हा, केल! त्यांना सांगितलं, दाखवलंही, ते म्हणाले अरे मला वाटायचं ही जातच अशी मुरडलेल्या पानांची आहे.

सध्या सगळी झाडं उपटून काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवलीत, कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत. ऑक्टोबरात तिथे लसूण लावणार. धडधाकट पानं मात्र आधीच खुडून घेतली होती, मुगाची डाळ घालून भाजी केली, नवलकोलच्या पाल्यासारखी लागते. बाबांना फोटो पाठवला, त्यांचा रिप्लाय आला, "अळ्या पाहून घेतल्या ना?"