पवनारचा धामकाठ: बाराही महिने जावं असा

नागपूरहून वर्ध्याकडे येताना शहर आठ-दहा किलोमीटरवर राहिलं की धाम नदीचा पूल लागतो. काठावर विनोबांचा परमधाम आश्रम, खाली नदीत उतरणारा घाट आणि पात्रातल्या काळ्या खडकांवर गांधीजींची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक. बहुतेक लोक सेवाग्राम पाहून झालं की अर्ध्या तासासाठी इथे डोकावतात. मला हे नेहमी खटकतं. धामकाठ एका भेटीत कळत नाही. उन्हाळ्यातली नदी आणि श्रावणातली नदी या दोन वेगळ्या जागा आहेत.

सुरुवात उन्हाळ्यापासून करतो, कारण या दिवसांत इकडे कुणी फिरकत नाही. वर्ध्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे सहज जातो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर दुपारी काठावर उभं राहणंच नको. पण पहाटे साडेपाचला या. पाणी खाली गेलेलं असतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. खळग्यांतून साचलेल्या पाण्यावर खंड्या टपून बसतो, पाणकावळे पंख पसरून ऊन खातात. ही नदी खरी कशी आहे, तिची हाडं कुठे आहेत, ते मेमध्येच दिसतं. आठ वाजले की निघा. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि सोबत भरपूर पाणी, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी मात्र मनावर घ्यावं. वर्धा शहराला पिण्याचं पाणी याच नदीतून जातं. म्हणून घाटावर साबण नको, निर्माल्य नको, प्लास्टिक तर नकोच.

मृग कोरडा गेला तर जूनअखेरपर्यंत वाट पाहावी लागते. एकदा पाऊस लागला की पात्र गढूळ पाण्याने भरून वाहतं आणि छत्रीच्या पायथ्याचे खडक दिसेनासे होतात. वर महाकालीचं धरण भरून सांडवा सुरू झाला की आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही इथे पाणी चढतं. त्यामुळे पावसाळ्यात खडकांवर उतरू नका, शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नका, आणि गावातला माणूस ‘खाली जाऊ नका’ म्हणाला तर वाद घालू नका. नदी वरच्या कठड्यावरून पाहायची. एवढं पाळलंत तर श्रावणातली संध्याकाळ इथे फार सुंदर असते. पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तुरीचे हिरवे पट्टे असतात आणि पुराचा आवाज आश्रमाच्या अंगणापर्यंत येतो.

गणपती आणि देवी विसर्जनाच्या दिवसांत घाटावर मोठी गर्दी होते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. त्यानंतरची ऑक्टोबरची उष्णता हा आमच्याकडचा चौथा ऋतूच. लोक त्याला नावं ठेवतात, पण मला धाम सगळ्यात आवडते ती याच वेळी. पूर ओसरलेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि तरीही वाहतं असतं. दुपार आश्रमात सावलीला काढायची आणि चारनंतर घाटावर यायचं. बाजारात सीताफळं आलेली असतात, ती घेऊन या. बिया मात्र पिशवीतून परत न्या.

आश्रमात घाईने शिरू नका. प्रकृती खालावल्यावर विनोबा १९३८ साली इथे राहायला आले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनारलाच भाषण केलं. १९५९ मध्ये त्यांनी इथे स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला इथेच देह ठेवला. शेतात खोदताना सापडलेली जुनी शिल्पं आश्रमात जपली आहेत. त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प शांतपणे, जवळ उभं राहून बघा. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं मत इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. ते मनात ठेवून घाटावर बसलं की नदीचं वय जाणवतं. आश्रमातल्या बहिणी स्वतः शेती, स्वयंपाक आणि सफाई करतात. ही त्यांची राहती जागा आहे. फोटो काढण्याआधी विचारा, मोबाईलचा आवाज बंद ठेवा.

हिवाळा सोपा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो, पाण्यावर धुकं असतं, खडकांवर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात. पहिल्यांदा येणाऱ्या वयस्कर मंडळींना याच दिवसांत आणा. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी इथे धाममध्ये विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या तारखेला सर्वोदय मेळा भरतो. मेळ्याला जरूर या, पण नदीसाठी आणखी एक दिवस ठेवा. तेव्हा रस्त्याने पळसही फुलायला लागलेला असतो.

रेल्वेने आलात तर वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावर उतरा, तिथून ऑटो मिळतात. जायचे-यायचे पैसे आधीच ठरवून घ्या. नागपूरहून एसटीने येत असाल तर गाडी पवनारला थांबते का, हे चढतानाच वाहकाला विचारा. स्वतःची गाडी असेल तर वाटेत केळझरच्या गणपतीचं दर्शन होतं. पोटभर जेवायला वर्ध्यातच जा, आणि परतताना गोरस भांडारातून गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं, घ्यायला विसरू नका.